पाठ करण्याजोगी गल्ली

वर्धा जिल्ह्यात माझा जन्म झाला आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याच जिल्ह्यात परदेशी नागरिक म्हणून माझी नोंद झाली. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पासपोर्ट मी स्वतःच्या हाताने बदलला होता आणि त्या वेळी कोणी माझा हात धरला नव्हता. कॅनडात एकतीस वर्षे पाण्याच्या पंपांचे आराखडे काढल्यावर, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, मी आणि माझी पत्नी परत आलो. परक्या देशाच्या नागरिकाला येथे दीर्घकाळ राहायचे असेल तर पोलिसांकडे नोंद करावी लागते. ती करायला गेलो.

तेथील कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला. जन्मस्थळाच्या रकान्यात नाचणगाव, नागरिकत्वाच्या रकान्यात कॅनडा.

"नाचणगाव म्हणजे आपलं पुलगावच्या बाजूचं?"

"तेच."

"मंग तुम्ही परदेशी कायचे?"

"कायद्याने."

"कायद्यानं तं आमचा साहेबही माणूस आहे," असे म्हणून त्याने शिक्का उचलला, आणि तो हवेतच थांबला. "वर्ध्यातला पत्ता कोरा ठेवला तुम्ही. कुठं राहून राह्यले?"

"मेहुण्याकडे. जामला."

"ते चालत नाई. पाव्हण्याचा पत्ता पत्ता नसते. पक्का पत्ता घेऊन येजा."

पत्ता हवा होता तो केवळ पोलिसांना नव्हे. माझ्या पत्नीची दृष्टी जात होती. कडेकडून आत अशी ती जात होती. समोरचा माणूस दिसे, त्याच्या शेजारचा दिसत नसे. संध्याकाळनंतर काहीच दिसत नसे. तिकडच्या डॉक्टरांनी बरेच काही सांगितले, त्यातले एकच वाक्य उपयोगाचे होते: आणखी पाच वर्षे धरून चाला, आणि जेथे राहायचे आहे ती जागा दिसते आहे तोवर पाठ करून ठेवा. ती म्हणाली, पाठच करायचे तर आपल्याकडचे करीन. त्या देशात आमच्या घराच्या उजव्या हाताला कोण राहते हे मला शेवटपर्यंत कळले नाही. तेव्हा मी सामान बांधायला घेतले.

म्हणून वर्धा. डोळ्यांचे डॉक्टर जवळ, तिचे माहेर तळेगाव त्याच जिल्ह्यात, भाऊ जामला. हा भाऊ म्हणजे माझा धाकटा मेहुणा. जामच्या चौकात, जेथे मोठे रस्ते एकमेकांना मिळतात, तेथे त्याचे टायर आणि ऑइलचे दुकान होते. रस्त्यावर ज्यांचे काही बिघडते त्यांच्यावर त्याचा संसार चालत असे. त्यामुळे जगात काहीतरी सतत बिघडत असणार यावर त्याचा विश्वास होता आणि तो नेहमी आनंदी असे. जागा दाखवण्याचे काम त्याने आपण होऊन अंगावर घेतले.

"भाऊजी, वर्धा म्हणजे ऐतिहासिक शहर आहे. जागेची काय कमी?" तो पहिल्याच दिवशी म्हणाला.

ऐतिहासिक शहर हा शब्द मी त्या महिन्यात इतक्या जणांच्या तोंडून ऐकला की अखेरीस त्याचा अर्थ मला कळला. ज्या शहराला नळाच्या पाण्याविषयी विचारले की ते स्वातंत्र्याच्या लढ्याविषयी सांगू लागते, ते ऐतिहासिक शहर.

पहिली जागा सेवाग्रामच्या रस्त्याला होती. झाडी, कौलारू बैठे घर, मातीने सारवलेली ओसरी. शेजारच्या खोल्यांत परदेशी लोक राहत होते. हे खरे परदेशी, माझ्यासारखे कागदोपत्री नव्हेत. त्यांतील एक उंच युरोपियन गृहस्थ जाडाभरडा सदरा घालून ओसरीवर सूत कातीत बसला होता. त्याचा धागा दर वीतभर अंतरावर तुटत होता आणि दर वेळी तो समाधानाने हसत होता. त्याने मराठीत आमचे स्वागत केले. मराठी चांगली होती. मला राग आला तो त्यामुळेच असेल.

"इथे फार शांतता आहे," तो म्हणाला. "दिवसभर कोणी येत नाही. माणूस स्वतःला भेटतो."

माझ्या पत्नीने त्याला एकच प्रश्न विचारला. "सकाळी या रस्त्याने कोण कोण जातं?"

तो विचारात पडला. "कोणीच नाही," तो मोठ्या आनंदाने म्हणाला.

ती उठली. भावाच्या जीपमध्ये बसताना त्याला म्हणाली, "मले स्वतःले भेटाची काई हौस नाई बाबा. पंचावन्न वर्षं झाली, रोजच भेटून राह्यली."

तिची ही एक सवय होती. माझ्याशी ती पुस्तकी मराठी बोले, कारण मी तशी बोलत असे. भावाशी बोलताना तिची तळेगावची बोली परत येई. एकतीस वर्षे परदेशात मी तिची पुस्तकी मराठीच ऐकत आलो होतो आणि तीच तिची भाषा आहे असे मानत होतो.

त्या युरोपियनाविषयी मी नंतर बरेच दिवस तुच्छतेने बोलत असे. ते लोक इतिहासात राहायला येतात आणि सहा महिन्यांनी आपल्या वर्तमानात निघून जातात, असे माझे वाक्य होते. वाक्य बरे होते. पण जागा शोधताना मीही कोणाशी न बोलताच राहता येईल अशीच शोधीत होतो, हे त्या वाक्यात येत नव्हते.

दुसरी जागा शहरात, धान्यबाजाराच्या मागच्या गल्लीत होती. एका व्यापाऱ्याच्या घराची माडी. खाली त्याचे धान्याचे गोदाम, समोर तेलघाणी, तिला लागून मिरची कांडण्याचे यंत्र, पुढे पिठाची चक्की, कोपऱ्यावर सकाळी पोहे आणि जिलेबी करणारा. मधोमध उघडी नाली. गल्ली सरळ नव्हती. दोनदा वळत होती, आणि का वळत होती याचे कारण तेथे कोणालाही ठाऊक नव्हते. लोकांनी आपापले ओटे रस्त्यावर पुढे आणले होते, प्रत्येकाने आपल्या हिंमतीप्रमाणे. गाय एक होती, पण ती सर्वत्र होती.

घरमालक गादीवर बसला होता. वयाने माझ्याएवढा, अंगाने दुप्पट.

"बैठिये भाऊ. कॅनडाचे म्हणे तुम्ही."

"नाचणगावचा."

"हां, हां. मूळचं आडनाव काय?"

मी सांगितले. त्याने ते मनात फिरवून पाहिले. आमच्या आडनावाने कुळाचा बोध होत नाही. तशी आडनावे जिल्ह्यात पुष्कळ आहेत.

"म्हणजे आपण कोन?"

"भाडेकरू," मी म्हणालो.

"तसं नाई भाऊ. वर आमच्या देवघराची भिंत आहे ना. इचारलेलं बरं असते."

एकतीस वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तिकडे माणसे मनात ठरवून मोकळी होतात, विचारीत नाहीत. मी त्याला म्हणालो की तुमची भिंत जिच्यामुळे बाटेल अशी कोणतीही गोष्ट माझ्याजवळ नाही, पण तुमच्या प्रश्नाने मी बाटलो आहे. मेहुणा खोकला. व्यापारी मुळीच रागावला नाही. असल्या लोकांना राग येत नाही. ते तुमचे बोलणे पावसासारखे अंगावरून जाऊ देतात आणि मग पुन्हा विचारतात.

मी बाहेर आलो तर पत्नी गल्लीच्या मध्यभागी डोळे मिटून उभी होती. चेहरा वर. मिरचीच्या यंत्राची धूळ हवेत होती, मला स्वतःला ठसका लागला. मी तिचा दंड धरला आणि तिला जीपकडे नेले.

"थांबा ना जरा," ती म्हणाली.

"डोळ्यांना सोसणार नाही," मी म्हणालो.

ती जीपमध्ये चढून बसली. ती का उभी होती हे मी विचारले नाही. मिरचीने डोळे झोंबले असा निष्कर्ष मी काढला आणि तो मला पुरेसा वाटला. मोजमाप घेणाऱ्या माणसाचा हा दोष आहे. एक कारण सापडले की तो दुसरे शोधीत नाही.

तिसरी जागा नागपूर रस्त्याला, शहराबाहेर. आमच्याकडे अशा वस्तीला लेआउट म्हणतात. शेत घ्यायचे, चौकोन आखायचे, मुरूम टाकायचा, फाटक उभारायचे आणि फाटकावर एका फुलाचे नाव लिहायचे. मग शेत राहत नाही आणि गावही होत नाही. बांधकाम करणारा गृहस्थ तिशीचा होता. त्याच्या बोलण्यात दर चौथा शब्द 'क्लास' असे.

"इथं पाहा साहेब, एकदम क्लास पब्लिक. बँकवाले, प्राध्यापक, एक डॉक्टर. भाजीवाले-फेरीवाले आतच येऊ देत नाई आपण. गेटवर गार्ड आहे. तुम्हाला फॉरेनमध्येच राहून राह्यल्यासारखं वाटन."

मेहुणा म्हणाला, "तं मंग ते परत कायले आले म्हणतो मी?" बांधकामवाला हसला. तो विनोद नव्हता हे त्याला कळले नाही. मलाही त्या वेळी कळले नाही.

मी ती जागा घेतली. माझी कारणे लिहून काढलेली होती. रस्ते सरळ. कोपरे काटकोनात. सर्व घरे एकाच नकाशाची, एकाच मापाची, दोन फाटकांमधले अंतर सर्वत्र सारखे. नाली झाकलेली. वाहने मोजकी. ज्या व्यक्तीला जागा पाठ करायची आहे तिला यापेक्षा सोपे काय असणार? एक ओळ पाठ केली की सगळी वस्ती पाठ झाली. मी हे तिला कागदावर काढून दाखवले. तिने कागद डोळ्यांच्या अगदी समोर, तिला दिसत असे त्या मधल्या भागात धरला.

"छान आहे," ती म्हणाली.

"तुझी काही हरकत?"

"तुम्ही एवढं मोजलं आहे, तर बरोबरच असेल."

या वाक्याला मी संमती समजलो.

त्या लेआउटमध्ये आम्ही बावीस महिने राहिलो. त्यांचे वर्णन करण्याजोगे फार काही नाही आणि तीच त्यांची हकीकत आहे. सकाळी स्कूटर सुरू होत, मग काही नाही, संध्याकाळी स्कूटर परत येत. दुपारी एकामागोमाग एक कूलर चालू होत आणि प्रत्येक घराच्या खिडकीतून तोच घुरघुराट येई. उन्हाळ्यात चार महिने दारे बंद. शेजारी सभ्य होते. वॉल कंपाउंडवरून नमस्कार करीत, तिकडे कसे असते ते विचारीत, आणि उत्तराची वाट न पाहता आपल्या मुलाची टक्केवारी सांगत. त्यांची मुले तिकडे जायच्या तयारीत होती, त्यामुळे आम्ही परत आलो याचा अर्थ ते आमच्यात काहीतरी खोट आहे असा लावीत. बँकेतल्या एका गृहस्थांनी मला गंभीरपणे विचारले, "काढून टाकलं होतं का?"

पत्नी रोज सकाळी पाठ करायला बाहेर पडे. मी सोबत. ती पावले मोजी. आमच्या फाटकापासून कोपऱ्यापर्यंत एकशे चाळीस. मग डावीकडे. मग पुन्हा एकशे चाळीस. पहिल्या वर्षी मी समाधानी होतो. दुसऱ्या वर्षी ती माझ्यासोबत येण्याचे टाळू लागली, मग एकटीही जाईना. विचारले तर म्हणे, ऊन आहे. थंडीतही ऊन आहे म्हणू लागली तेव्हा मी तो विषय सोडून दिला.

मग एका सकाळी मी बँकेत गेलो असताना ती एकटी बाहेर पडली. परत आलो तर दाराला कुलूप होते आणि ती नव्हती. गार्डला विचारले, त्याने फाटकातून कोणी बाहेर गेले नाही असे सांगितले आणि पुन्हा खुर्चीत बसला. मी तीन ओळी पालथ्या घातल्या. चौथ्या ओळीत, आमच्यासारख्याच एका घराच्या पायरीवर, कुलूप लावलेल्या दारासमोर ती बसली होती. एप्रिल होता. पायरी तापलेली होती. हातात आमच्या घराची किल्ली होती.

"लागत नाहीये," ती म्हणाली. "मघापासून लावते आहे."

"हे आपले घर नव्हे."

"मोजून आले मी. एकशे चाळीस." किल्ली पदराला बांधत ती म्हणाली, "कोणाला विचारणार? अर्धा तास झाला, रस्त्याने माणूस गेलं नाही."

मी तिला घरी नेले, पाणी दिले. तिने पेला खाली ठेवला आणि मग प्रथमच, भावाशी बोलत असे त्या बोलीत ती माझ्याशी बोलली.

"तुमाले एक सांगू? इथं पाठ कराले काईच नाई. सगळं सारखं आहे. वास नाई, आवाज नाई. आकडे काय पाठ कराचे? एक आकडा चुकला का सगळं चुकते. त्या गल्लीत मी डोळे मिटून उभी होती, तं मले घाणी इकडं, चक्की तिकडं, जिलेबीवाला कोपऱ्यावर, सारं दिसून राह्यलं होतं. तुम्ही मले ओढून आणलं."

"तेव्हा का बोलली नाहीस?"

"तुम्ही इचारलं कुठं? तुम्ही सांगतलं."

डॉक्टरांनी दिलेल्या पाच वर्षांतली जवळजवळ दोन मी अशा रीतीने काटकोनांवर घालवली होती. त्याविषयी मी येथे अधिक लिहीत नाही. लिहिल्याने ती परत येत नाहीत.

मेहुण्याला बोलावले. त्याने सर्व ऐकून घेतले आणि म्हणाला, "भाऊजी, माझ्या दुकानात कोनी आलं ना, तं मी आधी इचारतो, बाप्पा, आवाज कुठून येऊन राह्यला? तुम्ही इंजिनिअर लोक आवाजच नाई ऐकत." मला त्याचा राग आला नाही, याची मी नोंद करतो.

धान्यबाजारामागच्या व्यापाऱ्याकडे मी एकटाच गेलो. माडी मधल्या काळात भाड्याने गेली होती आणि पुन्हा रिकामी झाली होती. तो गादीवर त्याच जागी होता. उठला असल्याची खूण दिसत नव्हती.

"आले ना फिरून," तो म्हणाला.

"तुमचा प्रश्न राहिला होता," मी म्हणालो, आणि त्याला हवे होते ते सांगितले. सांगताना तोंडाची चव गेली. ते ऐकून त्याला फारसा आनंद झाला नाही, फारसे दुःखही झाले नाही. देवघराची भिंत कोणत्या बाजूला आहे ते त्याने हाताने दाखवले आणि तिला खिळा ठोकू नका म्हणाला. दोन वर्षांपूर्वी ज्या प्रश्नासाठी मी उठून गेलो होतो, त्याची किंमत एवढीच होती, एक खिळा. तो प्रश्न आजही मला तितकाच हीन वाटतो. परंतु माझ्या तत्त्वनिष्ठेचे भाडे पत्नीने भरले होते, आणि ते तिला विचारून ठरलेले नव्हते.

गल्लीत राहायला आल्यावर मला तेथील प्रत्येक गोष्टीचा त्रास झाला. पहाटे घाणी, मग चक्कीचा पट्टा, मग कोणाच्या तरी नळावरचे भांडण. गल्लीतील बायका आमच्या माडीच्या जिन्यावर विनापरवाना बसत आणि माझ्या देखत पत्नीला विचारीत, "याहीले बोलता येते का वो?" कोणत्याही घरचे कोणतेही दुखणे सर्वांचे असे आणि त्यावरचे औषधही. सभ्यतेचा एकही नियम त्या गल्लीला ठाऊक नव्हता. पत्नी तीन आठवड्यांत पहिल्या वळणापर्यंत एकटी जाऊ लागली.

आता एका भाजीवालीविषयी लिहिले पाहिजे. शहराच्या कडेला भाजीचे मळे होते. तेथील बायका सकाळी टोपल्या घेऊन गल्लीत येत. त्यांतील एक पन्नाशीची, काळीसावळी, आवाजाने कर्कश. तिच्याकडे सांभार, म्हणजे कोथिंबीर, फार चांगला असे. एके दिवशी तिची पहिली विक्री, इकडे बोहनी म्हणतात ती, माझ्या पत्नीच्या हातून झाली. त्या दिवशी तिची टोपली दहाच्या आत रिकामी झाली. दुसऱ्या दिवशीही तसेच घडले. कारण उघड होते: लग्नसराई होती आणि सर्वांनाच सांभार हवा होता. पण भाजीवालीने आपला निष्कर्ष काढला. माझ्या पत्नीचा हात चांगला आहे असे तिने ठरवले, आणि त्या दिवसापासून ती आमच्या जिन्याशी टोपली उतरवून बसू लागली. पत्नी खाली येऊन पहिले नाणे तिच्या हातावर ठेवीपर्यंत ती गल्लीत कोणालाही भाजी देत नसे.

याचा परिणाम असा झाला की रोज सकाळी बायका आमच्या माडीखाली जमू लागल्या आणि ओरडू लागल्या.

"काकू, उतरा ना वो! पोट्ट्याईचे डबे राह्यले!"

"आली वो, आली! पदर तं घेऊ द्या!"

"पदर घेऊन काय करता, हात घेऊन या!"

मी याला अंधश्रद्धा म्हणालो. पत्नीने ते मान्य केले आणि खाली गेली. भिंतीचा आधार न घेता ती जिना उतरू लागली होती हे माझ्या लक्षात आले. पण अंधश्रद्धेचे समर्थन करण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून मी तसे बोललो नाही.

एकदा तिला ताप होता. खाली ओरडा सुरू झाला. मी स्वतः गेलो आणि भाजीवालीसमोर नाणे धरले.

"हे काय?" तिने विचारले.

"बोहनी. एक जुडी मेथी द्या आणि या सर्वांना मोकळे करा."

तिने माझ्या हाताकडे पाहिले, मग तोंडाकडे. "नोको माय! तुमचा हात नोको. तुमच्या तोंडावर तं भाजी सुकन."

बायका हसल्या. एवढ्या लोकांसमोर माझ्या तोंडाविषयी असा अभिप्राय पूर्वी कोणी दिला नव्हता, आणि तो खोडून काढण्यास माझ्याजवळ पुरावा नव्हता. भाजीवाली जिना चढून वर आली, पत्नीच्या तापलेल्या हातातून नाणे घेतले, मेथी उशाशी ठेवली, आणि खाली जाऊन विक्री सुरू केली. डॉक्टर दुपारी आले. त्यांनी मेथीविषयी काही विचारले नाही.

पुढील दोन वर्षांत पत्नीची दृष्टी डॉक्टरांच्या हिशेबापेक्षा लवकर गेली. उजेड आणि अंधार एवढा भेद राहिला. तोपर्यंत ती गल्लीच्या दुसऱ्या वळणापर्यंत जात होती. त्यापलीकडे बाजाराचा रस्ता ओलांडावा लागे, आणि पलीकडे दुसरी, थोडी बारीक दळणारी चक्की होती. गल्लीतली चक्की जाडे दळते अशी तिची कायमची तक्रार होती. एका सकाळी, बोहनी झाल्यावर, तिने ज्वारीचा डबा काखेत घेतला.

"त्या पलीकडच्या चक्कीवर जाऊन येतो," ती म्हणाली. 'येते' नाही, 'येतो'. तळेगावच्या बायका असेच म्हणतात. माझ्याशी बोलताना तिची पुस्तकी मराठी केव्हा संपली ते मला सांगता येणार नाही.

"मी येतो."

"तुम्ही कायले? मी सांगतलं ना, जाऊन येतो."

मी हो म्हणालो आणि वीस पावले मागे ठेवून निघालो. जिलेबीवाल्याने तिला हाक मारली, तिने वळून न पाहता त्याला काहीतरी सुनावले. घाणीपाशी ती ओट्याच्या कडेने वळली. गाय आडवी होती; तिने गाईच्या पाठीवर हात ठेवून तिला वळसा घातला. काठी नव्हती. दुसऱ्या वळणाशी ती थांबली, बाजाराचा रस्ता ऐकू लागली. मीही थांबलो. बाजूलाच भाजीवाली उरलेली वांगी घेऊन बसली होती.

"साहेब," ती म्हणाली, "काऊन चोरावानी मागं मागं चालून राह्यले?"

"हळू बोला. ती पडेल."

"पडन तं पडन. उचलाले गल्ली आहे ना अख्खी. तुमी काय एकलेच हात घेऊन जन्मले?" आणि मग आवाज न उतरवता, "घरी जा. त्याईले समजलं ना तुमी मागं आहे, तं उद्यापासून जानार नाईत."

रस्त्यापलीकडून कोणीतरी ओरडले, "थांबा काकू, ट्रक जाऊ द्या... हां, आता या." ती रस्त्यावर उतरली. एका ठेल्याच्या मागे गेली आणि मला दिसेनाशी झाली.

मला पुढे जायचे होते. पंप असो की माणूस, चालू केल्यावर तो नीट चालतो आहे की नाही हे उभे राहून पाहणे हे मी आयुष्यभर माझे कर्तव्य मानले होते. भाजीवाली वांगी निवडीत होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती. मी परत फिरलो.

माडीवर येऊन खिडकी लावून घेतली आणि वर्तमानपत्र उघडले. काय वाचले ते सांगता येणार नाही. पाऊण तास गेला, कदाचित अधिक. मी घड्याळ पाहिले नाही. मग खालून तिचा आवाज आला. ती गल्लीतल्या चक्कीवाल्याशी भांडत होती. डबा उघडून, पीठ त्याच्या नाकासमोर धरून, दळण याला म्हणतात असे ती त्याला मोठ्याने सांगत होती, आणि तो तितक्याच मोठ्याने तिला सांगत होता की काकू, तुमाले दिसत नाई तं बारीक-जाडं कायचं कळते. गल्ली हसली. तीही हसली, आणि त्याला एक कडक शिवी दिली, जी मी एकतीस वर्षांत तिच्या तोंडून ऐकली नव्हती. तो भांडण लांबवीत होता, ती उत्तरे देत होती. मी पान उलटले.